आरशातला उजवा हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

अहो,

फोनवर विषय निघाला की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि खरंच ठेवता. म्हणून पत्र. हेही तुम्ही न वाचता बाजूला टाकाल, पण टाकलेलं पाकीट वन्सं उजेडात धरून बघतील, आणि त्यांनी फोडण्यापेक्षा आपणच फोडलेलं बरं असं तुम्हाला वाटेल. एवढ्या वर्षांत इतकं तरी ओळखते मी तुम्हाला.

आधी कामाचं. रक्त पातळ करायची गोळी नाश्ता झाल्यावर घ्यायची, चहाबरोबर नाही. वन्संकडे जिने आहेत, एका दमात चढू नका. पांढरा स्वेटर इथेच राहिलाय. चिडून बॅग भरली की असंच होतं, पायजमे ढीगभर नेलेत आणि शर्ट एक.

आता भांडणाचं. तुम्ही म्हणालात, "ते पुस्तक या घरात राहील, नाहीतर मी." मी पुस्तकाला हात लावला नाही आणि तुम्ही बॅगेला लावलात. यात मी तुम्हाला हाकललं असं जे वन्संच्या कानावर गेलंय, ते कुणी घातलं म्हणायचं? त्यांचा फोन आला होता. "वहिनी, हे काय ऐकतेय मी? विमानातून उड्या?" मी म्हटलं, अजून नुसतं वाचतेय हो. तर म्हणाल्या, "नुसतं वाचल्यानं कुणाचा नवरा घर सोडून जातो का?" मला हसू आलं, आणि फोन ठेवल्यावर रडू आलं. तेही लिहून टाकते.

पुस्तकाची हकीकत तुम्ही धड ऐकूनच घेतली नाहीत. दिवाळं निघाल्यासारखे एकदम ओरडायला लागलात. तर झालं असं, की एक बाई पार्लरमध्ये आल्या, कंबरेपर्यंत केस, आणि म्हणाल्या कानापर्यंत कापा. मी पुन्हा पुन्हा विचारलं, कारण एवढे केस गेले की बायका खुर्चीतच रडायला लागतात आणि मग पाणी मलाच आणावं लागतं. त्या म्हणाल्या, "हेल्मेटमध्ये मावत नाहीत हो. आणि पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकतात." मला वाटलं माझी थट्टा करतायत. कापून झाल्यावर त्यांनी मान अशी झटकली, की मला कात्री खाली ठेवायचंच सुचेना. पुढच्या खेपेला त्यांनी ते पुस्तक आणून दिलं. प्रशिक्षणाला जाण्याआधी वाचायचं असतं म्हणे. "वाचून भीती वाटली तर परत करा, आणि नाही वाटली तरी परत करा. ज्यांना भीती वाटत नाही त्यांना आमचे सर घेतच नाहीत."

तुम्ही उघडून बघितलं असतंत तर तुम्हाला आवडलं असतं. उडीबद्दल त्यात थोडंच आहे. बाकी सगळं काय काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, याचंच. तुम्ही ड्रायव्हिंग शिकवताना पहिला दिवसभर इंजिनसुद्धा सुरू करू देत नाही, तसंच.

मी फक्त वाचतेय. उत्तर पाठवा.

तुमची,
घरात राहिलेली


११ फेब्रुवारी, बुधवार

अहो,

उत्तर नाही. फोन आला तो "कोणती गोळी कधी ते परत सांग" एवढ्यापुरता. सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात. त्या "बरं"वर मी दोन दिवस काढले.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. गिऱ्हाईक नसलं की कात्र्यांना तेल देते, दिलेल्यांना परत देते. काल एका बाईची बट सांगितली त्याहून बोटभर जास्त गेली. ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. घरी आले की आधी तुमच्या खुर्चीवरची उशी सारखी करते, मग आठवतं की तिच्यावर कुणी बसलेलंच नाही.

वाचन मात्र जोरात आहे. पुस्तक इंग्रजी, म्हणून लेकीची शाळेतली डिक्शनरी काढलीय. उडीच्या वेळी पोट पुढे काढायचं, हातपाय आणि मान मागे, म्हणजे माणूस हवेत पालथा स्थिर राहतो. मी पार्लरच्या वेटिंगच्या बाकावर पालथी पडून त्याचा सराव करते. सोमवारी सुट्टी असते, शटर अर्धं ओढलेलं असतं. शेजारचा औषधवाला सुट्टे मागायला वाकून आत आला, मला तशी अधांतरी बघितली, आणि तसाच वाकलेला मागे गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, कंबर फार धरलीय का?" आणि मलम देऊन गेला. मी घेतलं. समजावून कोण सांगणार.

आणि एक महत्त्वाचं शिकले. पाठीवर पॅराशूट एक नसतं, दोन असतात. मोठं नीट उघडलं नाही तर छातीवर दोन हँडल असतात, एक लाल आणि एक चकाकणारं, धातूचं. लाल ओढलं की बिघडलेलं सुटून जातं, मग धातूचं ओढलं की राखीव उघडतं. क्रम चुकला तर राखीव त्या बिघडलेल्यात गुंतून बसतं. म्हणून लाल आधी, हे मी झोपेतही सांगेन. पुस्तकात एक माणूस सगळं सामान अंगावर चढवून समोर तोंड करून उभा आहे. त्याची झेरॉक्स काढून मोठ्या आरशावर चिकटवलीय. एप्रनला एका बाजूला लाल चाप आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचा लावते, आरशात बघते, चित्रात बघते, दोन्ही एकसारखी दिसेपर्यंत हात नेते. आता न बघताही हात जातात. जन्म आरशात बघूनच काम केलंय, मला काय अवघड आहे?

तुम्ही विचारलं होतंत, "हे खूळ कुठून आलं?" ओरडून विचारलंत म्हणून सांगितलं नाही. गेल्या वर्षी तुमच्या छातीत दुखायला लागलं, त्या दिवसापासून मी त्या दवाखान्याच्या बाकावरून उठलेलीच नाही. तुम्ही बरे झालात, घरी आलात, दोन वेळा फिरायला जाता. मी अजून तिथेच बसलेय आणि आतून कोण बाहेर येतंय ते बघतेय. पुस्तक वाचते तेवढा वेळ मी तिथे नसते. याला खूळ म्हणायचं तर म्हणा.

स्वेटर वन्संच्या मुलाबरोबर पाठवलाय.

तुमची,
मीच


२२ फेब्रुवारी, रविवार

अहो,

वन्सं म्हणाल्या तुम्ही पत्रं वाचता आणि उशीखाली ठेवता. वाचताय ना, मग हेही वाचा.

मी "फक्त वाचतेय" लिहिलं ते खोटं होतं. आपलं भांडण व्हायच्या आधीच मी प्रशिक्षणाला नाव दिलेलं आहे. डॉक्टरांनी तपासलंय, पास केलंय. लेकीला माहीत आहे. ती म्हणाली, "आई, बाबांना तू सांग, मी नाही सांगणार," आणि लगेच, "फोटो काढायला मात्र मला बोलाव." तुमचीच मुलगी, आधी हात झटकले आणि मग खुर्ची पुढे ओढून बसली.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण सांगितलं असतं तर तुम्ही छातीला हात लावला असतात. मुद्दाम नाही, मला माहीत आहे. पण लावला असतात, आणि मी गप्प बसले असते. वर्षभर हेच चाललंय. मी जिना भरभर उतरले तरी तुम्ही "सावकाश" म्हणता. मी गाडी चालवते आणि शेजारी बसून तुमचा पाय खालची चटई दाबत असतो. ती शिकवायची गाडी नाही हो, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये. तरी दाबता. आपण दोघंही कापसात गुंडाळल्यासारखे राहतोय, आणि मला त्या कापसात श्वास घेता येत नाही.

भांडणात तुम्ही म्हणालात, "तुला काही झालं तर मी काय करू?" मी भांडी घासत राहिले. उत्तर हे होतं, की हा प्रश्न मी वर्षभर रोज मनात विचारला आणि मला एकदाही कुणी उत्तर दिलं नाही. मी काय केलं? डबे भरले, गोळ्या मोजल्या, पार्लर उघडलं. तेच तुम्ही कराल. हे तोंडावर म्हणाले असते तर फार कडू झालं असतं. लिहूनही कडूच झालंय. असू दे.

मला मरायचं नाही. हे एक वाक्य नीट वाचा. मला तुमच्याबरोबर म्हातारं व्हायचंय आणि वन्संच्या आधी तर मुळीच जायचं नाही. पण त्याआधी एकदा मला त्या विमानाच्या दारात उभं राहायचंय. ७ मार्चला प्रशिक्षण सुरू. "जाऊ नको" म्हणणार असाल तर लिहून कळवा, फोनवर नको.

तुमची


८ मार्च, रविवार

अहो,

"जाऊ नको" आलं नाही. म्हणून गेले. आता लिहितेय त्याने तुमच्या मनासारखं होईल.

पहिला दिवस छान गेला. एका मोठ्या शेडमध्ये आम्ही सहा-सात जण, सगळी लेकीच्या वयाची, मला "काकू" म्हणायचं की "मॅडम" ते त्यांचं ठरेना. शिकवणारे सर झुपकेदार मिशांचे, आवाज तुमच्याइतकाच मोठा. ते विचारायचे आणि उत्तर माझ्याकडून यायचं. वारा कुठून, उंची किती, कधी काय. पोरं वळून बघायला लागली. मला नाक वर करायला जागा उरली नव्हती, इतकं ते वर गेलं होतं. सर म्हणाले, "काकूंनी घरून अभ्यास केलेला दिसतोय."

आज त्यांनी छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्ये अडकवलं. पाय जमिनीला लागत नाहीत, सगळं सामान अंगावर. ते खालून बिघाड ओरडतात आणि आपण हँडल ओढायची. सर ओरडले, "बिघाड!" माझे हात विजेसारखे गेले. इतरांच्या आधी, न बघता. शेडमध्ये शांतता. मला वाटलं कौतुकाची. खाली बघितलं तर माझ्या हातात धातूचं हँडल. लाल तसंच जागेवर.

परत केलं. परत तेच. सरांनी विचारलं, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, पुस्तकात. चित्र बघून. "चित्र कसं बघितलंत?" आरशावर चिकटवून, म्हटलं, माझं पार्लर आहे. सर खाली बसलेच. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा. त्याचं उजवं आपल्या डावीकडे दिसतं. आणि आरशात माझं डावं डावीकडेच दिसतं. मी दोन्ही जुळवली, आणि लाल हँडल माझ्या शरीरात डाव्या बाजूला जाऊन बसलं. खरं ते उजवीकडे असतं. पुस्तकात लिहिलंही होतं. मी वाचताना रंग पाठ केला आणि बाजू हातांवर सोडली. गिऱ्हाइकाचा भांग आरशात बघून काढणारी बाई, माझ्या हातांनी आरशाचंच ऐकलं.

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. दुपारभर सरांनी टांगून ठेवलं. सावकाश विचारलं की बरोबर, अचानक ओरडलं की हात डावीकडे. शेवटी म्हणाले, "काकू, कोरी आलेली ही मुलं पुढच्या आठवड्यात उडी मारतील. तुमच्या हातातून हे आधी पुसावं लागेल. वर घाबरल्यावर डोकं चालत नाही, हात चालतो. तुमचा हात असा असताना मी तुम्हाला विमानात बसवणार नाही. सराव करा, एप्रिलमध्ये या. तेव्हाही असंच असेल तर मग नकोच."

तुम्हाला आठवतं, मामाकडे मैदानात गाडी शिकून आलेला विद्यार्थी आला की तुम्ही घरी येऊन जेवत नव्हता? "याला शिकवायचं नाही, याचं शिकलेलं काढायचं." मी तीच विद्यार्थिनी झालेय.

बसमधून येताना खिडकीला डोकं टेकून बसले. लाज वाटली म्हणून नाही हो. सरांनी नाही म्हटलं तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्याचा मला इतका राग आला की घरी येऊन मी सगळ्या खोल्या झाडल्या.

तुमची


१२ मार्च, गुरुवार

अहो,

आरशावरचं चित्र फाडलं. त्याने काय होतंय? हात तेच आहेत. एकटीने सराव केला तर "बिघाड" मीच म्हणते, त्यामुळे मला आधीच माहीत असतं, आणि बरोबर येतं. औषधवाल्याला म्हटलं, मी सांगितलेलं नसताना जरा ओरडा माझ्यावर. तो म्हणाला, "वहिनी, माझ्याने नाही होणार." लेकीने फोनवर ओरडून बघितलं, तिला हसूच फुटतं.

मला असा माणूस हवाय जो मी भाजी चिरताना, केस बांधताना, दार लावताना मध्येच ओरडेल. ज्याला ओरडून शिकवायची सवय आहे, जो खोटी दाद देत नाही, आणि ज्याला समोर उभं राहून दुसऱ्याचं डावं-उजवं न गोंधळता दिसतं. असा एकच माणूस मला माहीत आहे. तो वन्संकडे बसून माझ्यावर रुसलाय.

मी काय मागतेय ते मला कळतंय. तुम्ही आला नाहीत तर एप्रिलमध्ये सर नाही म्हणतील आणि मी घरी राहीन. तुम्हाला काही करायचंच नाही, नुसतं तिथे बसून राहायचं, की तुमच्या मनासारखं होईल. मग तुम्ही परत याल आणि आपण पूर्वीसारखे राहू. मी कधी बोलूनही दाखवणार नाही.

पण यायचं असेल तर लवकर या. ते मला हवंय, एवढं सांगते.

तुमची


१० एप्रिल, शुक्रवार

अहो,

तुम्ही आतल्या खोलीत दुपारचे झोपलाय आणि मी इथे टेबलावर लिहितेय. घोरण्याचा आवाज येतोय, म्हणजे झोपेचं सोंग नाही. हे तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवीन. समोरासमोर बोलायला गेले की तुम्ही "आधी सराव" म्हणता.

तुम्ही दारात बॅग घेऊन उभे राहिलात तेव्हा मी "या" म्हणायच्या आत "बिघाड" म्हणालात, आणि माझा हात डावीकडे गेला. तुम्ही मान हलवून चप्पल काढलीत. पार्लरचे सगळे आरसे चादरींनी झाकलेत. बायका विचारायला लागल्या, कुणी गेलं का हो घरात? मी आरशाशिवाय केस कापायला शिकले, गिऱ्हाइकाच्या समोर येऊन, वाकून. जुन्या सीटबेल्टच्या पट्ट्या माझ्या अंगावर बांधल्यात, उजवीकडे लाल फडकं, डावीकडे किल्ल्यांची कडी. तोंडात घास असताना ओरडलात, दात घासताना ओरडलात. औषधवाल्याला वाटलं आपलं पुन्हा बिनसलं, तो मिटवायला आला होता.

एकदा, मला वाटलं आता जमलं, आणि तुम्ही मागून ओरडलात तर हात पुन्हा धातूच्या बाजूला. तुम्ही रागावला नाहीत. गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिलात. मी मागे आले तेव्हा म्हणालात, "अगं, शेजारच्या सीटवर मी नसणार." तुमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. आणि मग वळून म्हणालात, "चल, परत." त्या दिवसानंतर माझा हात चुकलेला नाही. भीतीनं नाही. तुम्ही "परत" म्हणालात म्हणून.

सरांनी मंगळवारी टांगून पाहिलं, उलटंसुलटं ओरडून पाहिलं, आणि उद्याची वेळ दिली. तुम्ही शेडच्या दारात हाताची घडी घालून उभे होतात. सरांनी विचारलं, "तुम्ही पण येणार का वर?" तुम्ही म्हणालात, "मला डॉक्टरांची परवानगी नाही. आणि मला भीती वाटते." आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्ही परक्या माणसापुढे असं कधी बोलला नव्हता. मला तुमचा हात धरावासा वाटला, पण मी पट्ट्यांत लटकत होते.

आता खरं सांगते. मला फार भीती वाटतेय. तुम्ही आज एकदा जरी "नको जाऊ" म्हणाला असतात तर मी बसले असते. तुम्ही म्हणाला नाहीत. तुमच्या ओठांवर आलं होतं, मी पाहिलं, जेवताना. तुम्ही ते गिळलंत आणि माझ्या ताटात भात वाढलात. माझ्यासाठी आजवर कुणी इतकं मोठं काही केलेलं नाही.

एक शेवटचं काम आहे तुम्हाला. सर म्हणतात, खाली येताना माणसांकडे बघायचं नाही. झाड बघितलं की झाडात जाता, कुंपण बघितलं की कुंपणात, आणि आपली माणसं बघितली की त्यांच्या अंगावर. जिथे नजर तिथे हात दोरी ओढतात. पण मला माहीत आहे, मोठं पॅराशूट उघडलं की मी तुम्हाला शोधणार. सरांनी कितीही सांगितलं तरी शोधणार. उतरताना तोंड वाऱ्याकडे ठेवायचं असतं. मैदानाच्या ज्या टोकाकडून वारा येत असेल तिथे, कुंपणाच्या बाहेर, लांब उभे राहा. तुमच्याकडेच बघत आले तरी मग माझी दिशा बरोबर असेल.

पांढरा शर्ट घाला, लांबून ओळखू याल. छातीवर हात ठेवू नका, मला लांबून कळणार नाही की दुखतंय की नुसतीच काळजी. दोन्ही हात वर करून ठेवा.

तुमची